वाकड्या मानेचा पाना

मला पाहून तुम्हाला हसू येईल, मित्रांनो. पान्याची मान सरळ असते. माझी वाकडी आहे. कुणी रुसून भिंतीकडे तोंड करून बसावं, तसा मी दिसतो. सुरतेत, गोडादऱ्याच्या बाजूला, कापड विणणाऱ्या मागांच्या एका खात्यात मी खिळ्याला टांगलेला असतो. इकडे कारखान्याला खातं म्हणतात. वय झालं आहे, दांडीवर गंजाचे ठिपके आले आहेत. पण मी नेहमीच असा रिकामा नव्हतो. एके काळी या खात्यात माझ्याशिवाय पान हलत नसे. ती हकीकत तुम्हाला सांगतो, आणि सांगताना माझा स्वभाव लपवत नाही. मी जळकुकडा आहे.

जन्मलो तेव्हा मी चारचौघांसारखा सरळ होतो. उधन्याच्या एका भंगारवाल्याच्या पाटीत, मोडक्या कड्याकोयंड्यांमध्ये पडून होतो. एके दिवशी एका सडपातळ माणसानं मला उचललं, तळहातावर तोललं आणि नख मारून माझ्या लोखंडाचा आवाज ऐकला. भाव करताना तो पाटीतला दुसरा कुठलाच पाना बघेना. मला तेव्हाच कळलं, की हा माणूस माझा.

त्याचं नाव सुकदेव. तो खानदेशातला, शिरपूरकडचा. सुरतेला येऊन जॉबर झाला होता. जॉबर म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारा कसबी माणूस. विणणारे कारीगर पुष्कळ असतात, जॉबर एखादाच.

मागावर काय चालतं, ते थोडक्यात सांगतो. होडीसारखा लाकडी धोटा असतो, त्याला इथले कारीगर शटल म्हणतात. त्याच्या पोटात सुताची कांडी असते आणि दोन्ही टोकांना लोखंडी अणी. दोन बाजूंच्या दोन दांड्या त्याला आळीपाळीनं टोला मारतात. तो ताणलेल्या धाग्यांमधून इकडून तिकडे धावतो आणि कापड विणलं जातं. टोला कमी बसला, तर धोटा मध्येच अडकून धागे तोडतो. जास्त बसला, तर धोटा बाहेर उसळतो, आणि उसळलेला धोटा दगडासारखा लागतो. हा टोला एका नटावर अवलंबून असतो. तो किती आवळायचा, हेच सगळं कसब.

बाकीच्या खात्यांमध्ये हा नट मागाच्या बाहेरच्या बाजूला असायचा. सुकदेवनं काय केलं? आपल्या खात्यातल्या सगळ्या मागांचे बोल्ट काढून उलटे बसवले. नट आत गेला, लोखंडी चौकटीच्या मागे, जिथे कुठलाच सरळ पाना पोचेना. मग तो मला घेऊन लिंबायतच्या नाक्यावर भगवान लोहाराकडे गेला.

भगवाननं मला भट्टीत लाल केलं आणि मान कुठे वाकवायची ते विचारलं. सुकदेवनं बोटानं दाखवलं.

"अरे, असला वाकडा पाना कुणाला लागतो?" भगवान म्हणाला.

"मला एकट्याला लागतो. दुसऱ्या कुणाला लागू नये, म्हणून तर वाकवायचाय."

घणाचे घाव बसले. दुखलं. पण मित्रांनो, खरं सांगू? ते वाक्य ऐकून मला राजाच्या मुकुटासारखं वाटलं.

तेव्हापासून मी सुकदेवच्या खिशात राहू लागलो. तो मला जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळायचा. माग बिघडला की तो कारीगराला सांगायचा, "जा, चहा पिऊन ये." कारीगर गेला की तो मागाकडे असा वाकायचा, की त्याच्या पाठीआड काहीच दिसू नये. मग मी आत शिरायचो. तो कान देऊन आवाज ऐकायचा, मला किंचित फिरवायचा, पुन्हा ऐकायचा. कारीगर परत येईपर्यंत माग सुरळीत चाललेला असायचा.

"काय केलं हो भाऊ?" कारीगर विचारायचा.

"तू चहा प्यालास ना? मग झालं."

ही सवय त्याला कुठून लागली, तेही ऐका. तो ज्या उस्तादाच्या हाताखाली होता, त्यानं त्याला एक अक्षर शिकवलं नव्हतं. उस्ताद पाठ फिरवून काम करायचा, आणि सुकदेव त्याच्या काखेखालून चोरून बघायचा. कोपराचे किती तरी फटके खाऊन त्यानं हे कसब मिळवलं होतं. जे एवढ्या कष्टानं मिळालं, ते वाटून टाकायचं कशाला? आणि सगळ्यांनाच जमू लागलं, तर शेठ आपल्याला कशाला ठेवील? हे त्याच्या मनात पक्कं बसलं होतं.

मलाही ते अगदी पटायचं. दुसऱ्या कुणाचा हात मला खपत नसे. तेलाचा डबा तो माझ्याआधी उचलायचा, तेव्हा मला डब्याचा राग यायचा. दुपारी जेवताना मला बाजूला ठेवायचा, तर मी भाकरीवर जळायचो. एकदा काशीबाईंनी मला नुसतं उचलून पाहिलं. काशीबाई धोट्यात बसणाऱ्या कांड्यांवर सूत भरायच्या. सुकदेवनं त्यांच्या हातातून मला असं ओढलं, की त्या म्हणाल्या, "अगं बाई, पाना आहे की मंगळसूत्र?" सगळे हसले. सुकदेव हसला नाही, आणि मीही नाही.

शेजारीच त्याच शेठचं दुसरं खातं होतं. तिथला जॉबर गजेंद्र. तो चोपड्याकडचा, सुकदेवच्याच वयाचा, मोठ्यानं हसणारा. हाताला सुकदेवइतका कसबी नव्हता. एका मागाला सुकदेव विडी संपेपर्यंत ठीक करायचा, तिथे गजेंद्र अर्धी दुपार घालवायचा. पण त्याच्याकडे एक फळी होती. फळीवर साध्या, सरळ पान्यांची रांग. ज्याला लागेल त्यानं घ्यावं, काम झालं की परत टांगावं. कधी दगाच्या हातात, कधी तिथल्याच सोमा कारीगराच्या. दगा आमच्या खात्यातला कारीगर होता, तोसुद्धा बारीकसारीक नटांसाठी खुशाल तिथून पाना मागून आणायचा! मला त्या पान्यांची शिसारी यायची. ज्याच्या त्याच्या हातात जाणारे! पण संध्याकाळी ते एका रांगेत टांगलेले असत, आणि कारीगर जाता जाता त्यांच्यावरून हात फिरवत. ते पाहिलं, की माझ्या वाकड्या मानेत काहीतरी टोचायचं. माझ्यावरून कुणी हात फिरवत नसे. मी फडक्यात गुंडाळलेला असे.

गजेंद्रची आणखी एक रीत होती. पाळी बदलताना जाणाऱ्या कारीगरानं येणाऱ्याला आपल्या मागाची खोड सांगितल्याशिवाय जायचं नाही. "आज हा डावीकडे रुसतोय, दुपारी मी नट जरा ढिला केला, बघ." असं मागासमोर उभं राहून सांगायचं, आणि गजेंद्र बाजूला उभा राहून ऐकायचा. कुणाला नट आवळता येत नसेल, तर तो स्वतः आवळत नसे. ज्याला येतो त्याला म्हणायचा, "तू याला दाखव, मी बघतो." आमच्याकडे पाळी संपली, की लोक हात धुऊन चालू लागायचे.

"ही शाळा आहे का कारखाना?" सुकदेव कुंपणावरून टोमणा मारायचा.

"शाळाच रे! मास्तर मात्र अडाणी आहे," गजेंद्र हसून ओरडायचा.

त्याचं ते हसणं सुकदेवला विंचवासारखं डसायचं.

मग १९९५ च्या सुमारास आमच्या शेठनं, ललितभाईंनी, कडोदऱ्याला हमरस्त्यालगत मोठी जागा घेतली. नवं खातं, नवे माग आणि त्या सगळ्यांवर एक मोठा मास्तर. राहायला दोन खोल्या, मागे मोरी, नळाला पाणी. ही बातमी दोन्ही खात्यांत पसरली. मोठा मास्तर कोण होणार, यावर चहाच्या टपरीवर पैजा लागल्या.

सुकदेवला शंकाच नव्हती. ललितभाई गुजरातीत म्हणायचे, "सुकदेवभाईना हाथमां जादू छे," म्हणजे याच्या हातात जादू आहे. मी मनात म्हणायचो, जादू हातात कुठली, माझ्या मानेत आहे.

घरी तो प्रमिलाबाईंना, आपल्या बायकोला, त्या दोन खोल्यांविषयी सांगत बसायचा. ती दोघं घरात अहिराणी बोलायची. प्रमिलाबाई भाकरी थापता थापता विचारायच्या, "आनि गजेंद्रभाऊ?"

"त्याले काय येस? तो नुसता हासस."

त्या वर्षी अखाजीला मात्र एक अडचण उभी राहिली. अखाजी म्हणजे अक्षय्यतृतीया. खानदेशात दिवाळीइतका मोठा सण. इथले खानदेशी कारीगर तेव्हा गावाकडे धाव घेतात. सुकदेव कित्येक वर्षांत अखाजीला गेला नव्हता. "मी गेलो तर माग कोण बघणार?" असं तो मोठ्या अभिमानानं सांगायचा. पण आदल्या वर्षी त्याचे वडील वारले होते. अखाजीला त्यांच्या नावाची पहिली घागर भरायची होती, आणि ती मुलानंच भरायची असते. ते टाळता येण्यासारखं नव्हतं.

निघायच्या दिवशी दगा त्याच्या मागे मागे फिरत होता. त्याच्या मागाचा धोटा अधूनमधून उडी मारू लागला होता.

"भाऊ, पाना तेवढा ठेवून जा."

"मी येईपर्यंत चालेल तो. नको हात लावूस."

"नाहीच चालला तर?"

"तर बंद ठेव. मी आल्यावर बघतो."

"माग बंद ठेवला तर मी काय खाऊ भाऊ, तुमचा चहा?"

सुकदेवनं मला फडक्यात गुंडाळलं आणि धोतरजोडीच्या खाली, पिशवीच्या तळाशी ठेवलं. विचार करा, मित्रांनो! सुरतेतला मागाचा पाना शिरपूरकडच्या गावी सणाला निघाला. तिथे एकही माग नव्हता. पण मला किती आनंद झाला म्हणून सांगू! गावात कडुनिंबाला झोके टांगले होते, मुली गाणी म्हणत होत्या, घरोघरी आमरस होता. सुकदेवनं घागर भरली, तिच्यावर खरबूज ठेवलं, नमस्कार केला. आणि या साऱ्यात मी त्याच्या उशाशी. गजेंद्रचे पाने बिचारे फळीवर लटकत असतील, असं म्हणून मी सुखानं पडून राहिलो.

आम्ही परतलो, तेव्हा खात्याच्या दारात काशीबाई उभ्या होत्या. त्यांनी सुकदेवला "आलात का?" असंही विचारलं नाही.

"दगाचा माग उड्या मारायला लागला," त्या म्हणाल्या. "त्यानं हात घालून पाहिला, नट आत. शेजारच्या खात्यातून सोमा फळीवरचे सगळे पाने घेऊन धावत आला. एक पण पोचला नाही."

ते ऐकून मला पहिल्यांदा काय वाटलं असेल? आनंद वाटला. नाही पोचले ना! शेवटी मीच!

मग काशीबाई पुढचं बोलल्या. "शेवटी दगानं लाकडाची पाचर ठोकली आणि माग चालू केला. पाचर निसटली. धोटा उडून त्याच्या तोंडावर आला. डोळ्याखाली फाटलं. डॉक्टर म्हणाले, जरा वर लागला असता तर डोळा गेला होता."

सुकदेव तसाच दवाखान्यात गेला. दगा खाटेवर बसला होता. अर्धा चेहरा पट्टीत, अर्धा सुजलेला. सुकदेवनं खिशातून मला काढून उगाच हातात धरलं.

"पाना ठेवून जायला पाहिजे होता मी," तो कसाबसा म्हणाला.

दगा पट्टीखालून हसला. "ठेवून गेले असते, तरी काय उपयोग होता भाऊ? किती फिरवायचा, ते कुठं ठाऊक होतं मला? मी तर दर वेळी चहा पीत होतो."

काही दिवसांनी ललितभाईंनी सुकदेवला बोलावलं. ते गुजरातीतच बोलले. मी तुम्हाला मराठीत सांगतो.

"सुकदेवभाई, तुमच्यासारखा हात अख्ख्या सुरतेत नाही. पण कडोदऱ्याला मी गजेंद्रभाईला पाठवतोय."

सुकदेवचा हात खिशात होता. त्यानं मला असं आवळलं, की बोटं पांढरी पडली असतील.

"माझं काम चांगलं आहे, तरी मला इथेच ठेवणार शेठ?"

"तुमचं काम तुमच्या एकट्याजवळ आहे, म्हणून. तुम्हाला तिकडे नेलं, तर इथले माग कोण चालवणार? गजेंद्रभाई गावाला जातो तेव्हा मला पत्ताही लागत नाही. तुम्ही एकदाच गेलात, आणि मला दगाला घेऊन दवाखान्यात जावं लागलं. माग दुरुस्त करणारा माणूस मला शोधून सापडेल, सुकदेवभाई. नव्या खात्यात मला माणसं तयार करणारा पाहिजे."

बाहेर गजेंद्र उभा होता. त्यानं पेढे आणले होते. तो हसला नाही, ही मोठी गोष्ट. म्हणाला, "सुकदेव, रागावू नको. चार दिवस कडोदऱ्याला ये. ते नवे माग मला समजावून सांग."

"मास्तर तू झालास ना? मग तूच समजून घे."

"मास्तर झालो म्हणूनच तर विचारतोय, बाबा."

सुकदेवनं पेढा घेतला नाही.

त्या संध्याकाळी घरी त्यानं ताटाला हात लावला नाही. "जेवी ल्या, भाकर थंडी व्हई ऱ्हायनी," प्रमिलाबाई म्हणाल्या.

"तो गज्या मन्हापेक्षा मोठा का?"

प्रमिलाबाईंनी जरा वेळ चुलीतली राख मागे सारली. "मोठा नही. पन तो अखाजीले गावले जास, तं त्यानं खातं चालस. तुम्ही गयात, तं दगाभाऊनं तोंड फुटनं."

मी सुकदेवच्या खिशात होतो. तो जळत होता, आणि मीही जळत होतो. पण आमच्या जळण्यात फरक पडला होता. मी अजून गजेंद्रवर जळत होतो. सुकदेवचं काय चाललं होतं, ते मला कळेना.

पट्टी निघाल्यावर दगा कामावर आला. त्यानं माग चालू केला. दांडीचा टोला बसला की त्याची मान आपोआप मागे जायची. प्रत्येक टोल्याला. विणणारा माणूस असा दचकू लागला, तर त्याचं विणणं संपलंच. सुकदेव दुरून बघत होता. थोड्या वेळानं त्यानं माग बंद करायला लावला.

दगा सवयीनं म्हणाला, "जाऊ का भाऊ, चहाला?"

"नको. इथं ये. माझ्या बाजूला उभा राहा."

त्यानं खिशातून मला काढलं, फडकं सोडलं आणि दगाच्या हातात दिलं.

मित्रांनो, त्या क्षणी मला काय झालं, ते कसं सांगू? जाडा, घामट, अनोळखी तळवा! मला कुठे धरायचं, हेही त्याला ठाऊक नव्हतं. मी निसटून खाली पडलो, ठण्णकन. मला वाटलं, आता सुकदेव मला उचलील आणि खिशात घालील. त्यानं उचललं खरं, पण पुन्हा दगाच्याच हातात ठेवलं आणि त्याची बोटं आपल्या हातानं माझ्याभोवती मिटली.

"फिरव."

"किती?"

"पुरेसा."

"पुरेसा म्हणजे किती, भाऊ?"

सुकदेव स्वतःच अडकला होता. इतकी वर्षं तो हे करत आला होता, पण कधी कुणाला सांगितलंच नव्हतं, म्हणून त्याच्याकडे शब्दच नव्हते. जमलेले कारीगर गालात हसू लागले. शेवटी त्यानं दगाचा डावा हात धरून मागाच्या चौकटीवर ठेवला आणि माग चालू केला.

"आता सांग, काय कळतं?"

"थरथरतंय."

"जोरात का हळू?"

"हात मागे ढकलतोय."

"मग टोला जास्त आहे. ढिला कर थोडा. आता?"

दगानं डोळे मिटले. मग तो एकदम म्हणाला, "भाऊ, म्हैस पान्हा सोडते तेव्हा तिच्या पाठीवर हात ठेवला की कसं लागतं, तसं! आता बरोबर आहे, नाही का?"

सुकदेवनं कान देऊन आवाज ऐकला. बरोबर होतं. त्याला स्वतःला ही उपमा कधी सुचली नव्हती. तो हसला, गजेंद्रसारखं मोठ्यानं नव्हे, पण हसला. दगाची मान आता मागे जात नव्हती.

त्या दिवसापासून आमच्या खात्यात चहाला पाठवणं बंद झालं. आणि मग सुरू झालं ते काम, ज्याची आठवण मला आजही डाचते. सुकदेवनं एकेका मागाचा बोल्ट काढून सरळ बसवायला घेतला, म्हणजे नट पुन्हा बाहेर यावा. हे करायला आतला नट आधी सोडवावा लागतो, आणि तो सोडवणारा मी एकटाच. म्हणजे बघा, ज्या कामासाठी माझी मान वाकवली, ते काम संपवायलाही मलाच वापरलं. प्रत्येक मागापाशी वेगळा हात. कुणाचा कोरडा, कुणाचा तेलकट. एक बोल्ट सरळ झाला, की त्या मागाशी माझं नातं तुटायचं. मग दगानं आमच्या भिंतीवर गजेंद्रच्या फळीसारखी फळी ठोकली, आणि तिच्यावर बाजारातून आणलेले साधे, सरळ पाने टांगले. चकचकीत. त्यांच्याकडे बघून मला वाटायचं, गंज चढो यांना.

पाळी बदलताना बोलण्याची रीतही आली. पहिल्या दिवशी सगळे लाजून एकमेकांना पुढे ढकलू लागले. मग काशीबाई पुढे आल्या. म्हणाल्या, "कोपऱ्यातला माग धागे तोडतो ना, त्याचं दुखणं नटात नाही. त्याच्या कांड्या ज्या चाकावर भरतो, ते चाक ढिलं आहे. सूत सैल बसतं."

"मी दोन वर्षं त्याचा नट फिरवतोय!" सुकदेव म्हणाला. "आधी का नाही सांगितलं?"

"कधी सांगणार? तुम्ही तर आम्हाला बाहेर काढायचे."

सगळे हसले, आणि या वेळी सुकदेवही हसला. चाक दुरुस्त झालं आणि कोपऱ्यातला माग शहाणा झाला. सुकदेवचा कान सुरतेत सर्वांत तल्लख असेल, पण आता त्याला खात्यातले सगळे कान मिळाले होते. मला ते दिसत होतं. दिसून आवडत नव्हतं, एवढंच.

आणि एका सुट्टीच्या दिवशी तो कडोदऱ्याला गेला, गजेंद्रला नवे माग समजावून द्यायला. मला खिशात न घेता. हे मी त्याला कधीच माफ केलं नाही.

पुढच्या अखाजीला सुकदेव गावाला गेला, तेव्हाही मी इथेच, या खिळ्यावर राहिलो. मी कान टवकारून होतो. आता काहीतरी बिघडेल, आणि सगळे म्हणतील, सुकदेवभाऊ कुठे, वाकडा पाना कुठे! बिघडलंही. आमच्याकडे नुकत्याच लागलेल्या सोमाच्या भावाचा माग रुसला. दगानं चौकटीवर हात ठेवला, फळीवरचा सरळ पाना घेतला आणि काम झालं.

सुकदेव परत आला. दारात उभा राहिला. सगळे माग चालू होते. दगानं दुरूनच हात वर केला, "सगळं बरं आहे भाऊ," आणि तो पुन्हा कामाला लागला. कुणी धावत आलं नाही. सुकदेव बराच वेळ तिथेच उभा होता. त्याचा चेहरा मी ओळखला. मी रोज तसाच असतो. माझ्यावाचून चाललं, याचं दुःख असतं ते.

तेवढ्यात ललितभाई आले. "अरे सुकदेवभाई, तमे गया हता?"

तुम्ही गेला होतात का, असं ते खरोखरच विचारत होते! सुकदेवला राग आला, मग हसू आलं, मग डोळ्यांत पाणी आलं. ललितभाईंना काय झालं ते कळेना. पण तो गावाला जाऊन आला तरी खातं चालूच राहिलं, हे कळलं तेव्हा त्यांनी लगेच पलसाण्याचं नाव काढलं. तिथे चौथं खातं उभं राहत होतं. त्याला मोठा मास्तर हवा होता.

सुकदेव पलसाण्याला गेला. आमच्या खात्याचा जॉबर दगा झाला. निघताना दगानं मला खिळ्यावरून काढलं. "भाऊ, तुमचा पाना."

सुकदेवनं मला हातात घेतलं, तळहातावर तोललं. मला वाटलं, आता. पण तो म्हणाला, "राहू दे. तिथं नट बाहेरच आहेत." आणि मला परत टांगून त्यानं माझ्या वाकड्या मानेवरून एकदा हात फिरवला. सगळ्यांसमोर, फडक्याबाहेर.

तर मित्रांनो, वर्गात गणित सोडवताना तुमच्यातला एखादा वहीवर हात आडवा धरतो, शेजाऱ्याला दिसू नये म्हणून. परीक्षेत धरा, तिथे तो नियमच आहे. पण एरवी तो हात काढा. शेजाऱ्याला न आलेलं गणित त्याला समजावून सांगा, आणि सांगताना कुठे अडता ते बघा. तिथेच तुम्हाला कळेल, की आपल्याला किती येतं. पुढे तुमच्यातलं कुणी कारखाना चालवील, कुणी शाळा, कुणी दवाखाना. तेव्हा तुमच्या मागे सगळं नीट चालू राहिलं, तर आतून थोडं टोचेल. टोचू द्या. त्यानं काही मोडत नाही.

आणि कधी या बाजूला आलात, तर मला या खिळ्यावरून काढा. थोडं तेल लावा, कुठल्यातरी कामाला लावा. कुणाच्याही हातात द्या, आता मला चालेल.

फक्त गजेंद्रच्या नको.